तांबडे थेंब

आप्पा तोडणकर मुंबईहून परत आले ते डाव्या हाताची करंगळी तिकडेच ठेवून. पडावातून रत्नागिरीला मांडवीच्या धक्क्यावर उतरताना पांढऱ्या पट्ट्यांचा तो हात त्यांनी इतका उंच धरला होता, की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा मुंबईत काहीतरी जिंकून आलाय.

त्यांना घ्यायला मेहुणे महिपत डॉक्टर आणि मुलगी दमयंती आली होती.

"बोटीने गेलो आणि बोट देऊन आलो," आप्पा म्हणाले. "डॉक्टर, तुमच्या मलमाला आता जागाच उरली नाय."

महिपतने हसायचा प्रयत्न केला, पण हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही. आप्पांच्या करंगळीवरची जखम गेलं वर्षभर भरत नव्हती. महिपतने पिवळं मलम दिलं, मग काळं दिलं, मग पुन्हा पिवळं. शेवटी मुंबईला गोदीत नोकरीला असलेल्या शिवाने, आप्पांच्या मुलाने, हट्टच धरला आणि बापाला बोलावून घेऊन मोठ्या इस्पितळात दाखवलं. नुसतं दाखवायचं ठरलं होतं.

घर धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढे ओटी, शेजारी गोटी सोड्याचा कारखाना. आप्पा ओटीवर बसले तेव्हा मथुराबाई, त्यांची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, हात बघितला आणि तांब्या तसाच धरून उभ्या राहिल्या.

"बोट कुठे टाकलंनी?"

"मला विचारून नाय टाकलंनी."

"अहो, पण काय झालंवतं म्हणाले ते?"

आप्पांना गोष्ट सांगायला आवडायचं, आणि मुंबईपासून इथवर त्यांनी ही गोष्ट मनात घोळवली होती. पाणी प्यायले, मिशी पुसली.

"डॉक्टर म्हणजे एक पोरगा. मिशी ठेवायची की नाय ते अजून ठरलेलं नाय त्याचं. मी करंगळी पुढे केली तर म्हणतो, आधी तळहात दाखवा. म्हटलं, ज्योतिषाकडे आणलं काय शिवाने? दाखवले. ह्या कण्या आहेत ना," त्यांनी उजवा तळहात उघडला. कातडीत तांदळाच्या कण्या रुतून बसाव्यात तसे कडक दाणे होते. घरातल्या सगळ्यांनी ते पूर्वी पाहिले होते. सोड्याचे क्रेट उचलून झालेले घट्टे, असंच सगळे धरून चालले होते. "त्यांच्यावरनं बोट फिरवलंन आणि विचारतो, किती वर्षं सोमल घेताय?"

"सोमल?" मथुराबाई म्हणाल्या. "उंदरांना घालतात तो?"

"मी हेच म्हटलं. उंदीर आहे काय मी? तर म्हणतो, खवल्यांसाठी नाय तर दम्यासाठी थेंब घेत असाल. तांबडे. अत्तरासारखा वास येतो. जेवणानंतर, पाण्यातून."

तो वास ओटीवर सगळ्यांच्या ओळखीचा होता. कारखान्यात गडी बाटल्या विसळत होता, तेवढाच आवाज.

आप्पांच्या अंगावर तरुणपणी खवलं यायची. कोपरावर, गुडघ्यावर, केसांच्या कडेला. पांढरी, सुकी, झटकली की गळायची. महिपतच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांच्या सासऱ्यांनी, त्यांना तांबडे थेंब सुरू केले. तेही डॉक्टर होते, आणि जावयाच्या अंगाची खवलं मुलीचं लग्न ठरवताना त्यांना ठाऊक होती. फक्त त्यांनाच. थेंबांनी अंग असं गुळगुळीत झालं की मांडवात बायका म्हणाल्या, नवरा नवरीपेक्षा उजळ.

"त्या थेंबांत सोमल असतो," आप्पा सांगत होते. "थोडा थोडा. आज कातडी साफ करतो, आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्याच कातडीत परत येऊन बसतो. बोटावर होता तो कॅन्सर. पोरगा म्हणाला, औषधाने आणलेला."

"भावोजी," महिपत म्हणाला, "फाउलरचं औषध आहे ते. आज दीडशे वर्षं सगळ्या जगात देतायत. वडील देत होते. माझ्या पुस्तकात आहे."

"पुस्तकात पुढचं पान पण असेल."

"आहे. पण ते फार विरळ..."

"माझी करंगळी फार विरळ होती, डॉक्टर. एका हाताला एकच."

मग सगळ्यांची नजर हळूहळू एका बाजूला वळली. बापाची खवलं पोरीत उतरली होती. दमयंती सतराची झाल्यापासून हेच थेंब घेत होती, मामाच्याच हातचे, आणि आता पंचविशीची होती. अक्षय्य तृतीयेला तिचा साखरपुडा ठरला होता.

दमयंतीने उजव्या हाताची मूठ मिटली. ती मूठ फक्त तिच्या वहिनीने, राहीने, पाहिली.

*

मथुराबाई रडल्या नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी बांगड्याचं तिखलं केलं, आणि ते करता करता काय करायचं ते ठरवलं.

महिपतला त्यांनी मागच्या दारी बोलावलं. धाकटा भाऊ असल्याने त्याला डॉक्टर म्हणायची त्यांना कधी सवय झाली नाही.

"महिपत, थेंब बंद केले तर खवलं कधी येतील?"

"महिन्याभरात. कदाचित लवकर."

"म्हणजे साखरपुड्याला."

"येऊ शकतात."

"आणि लग्नापर्यंत घेतले तर? तेवढेच. मग बंद."

महिपतने दाराच्या चौकटीवर नख घासलं. "आठ वर्षं घेतलेत, अक्का. आणखी दीड महिन्याने काय मोठा फरक पडणार?"

त्याला स्वतःला हे वाक्य पटलं की नाही, कोण जाणे. पण मथुराबाईंना तेवढं पुरलं. जयगडचं स्थळ त्यांनी फार खटपटीने जमवलं होतं. विठ्ठल मयेकर, प्रवासी लाँचवर इंजिन चालवणारा, निर्व्यसनी. त्याच्या आईने, तुळसाबाईंनी, दमयंतीला पाहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हटली होती: कातडी काय नितळ आहे हो पोरीची!

आपल्याला नवऱ्याची खवलं कधी कळली तेही मथुराबाईंना आठवत होतं. लग्नाच्या पहिल्या पावसात बोटी बंद झाल्या, मुंबईहून औषध आलं नाही, आणि श्रावणात एके सकाळी त्यांना आपल्या लुगड्यावर पांढरा भुसा दिसला. त्या तडक माहेरी गेल्या. वडिलांना वाटेल ते बोलल्या. आणि चार दिवसांनी परत आल्या, कारण हा खवल्यांचा माणूस रोज संध्याकाळी त्यांच्या माहेरच्या कुंपणाबाहेर उभा राहून सोड्याची बाटली फोडायचा, नुसता आवाज ऐकू यावा म्हणून. थोडक्यात, फसवून झालेलं लग्नही चांगलं चालतं, हे मथुराबाईंनी करून पाहिलं होतं.

पण दमयंतीने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, "मी थेंब घेणार नाही."

"लग्नापर्यंत घे, बाय."

"नाही."

"अंगावर आली तर काय सांगू त्या तुळसाबाईंना?"

"खवलं आली म्हणून सांग."

"जल्लं मेलं तुझं तोंड!" मथुराबाई म्हणाल्या आणि विषय सोडला. घरात सगळ्यांना तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण मथुराबाई विषय सोडत नसत.

*

राही आणि दमयंती यांचं कधी जमलं नव्हतं. राहीचा नवरा मुंबईला, ती इथे सासूसासऱ्यांत, आणि घरातली लेक म्हणून दमयंती तिच्यावर हुकूम चालवायची. मीठ कमी, भात गिजका, कपडे मळके. लग्न ठरल्याचा खरा आनंद त्या घरात राहीला झाला होता.

त्यामुळे त्या दुपारी राहीने जे केलं ते का केलं, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

ती विहिरीवरून घागर घेऊन आली तर सासूबाई चुलीकडे पाठ करून उभ्या होत्या. समोर कोकमाचं सरबत, पितळी पेल्यात. मथुराबाईंनी कनवटीची बाटली काढली, थेंब मोजत सरबतात टाकले, आणि ओठ हलवत असताना राहीला बघितलं.

"काय बघत्येस?"

"काय नाय."

"मग घागर ठेव."

राहीने घागर ठेवली. मथुराबाई पेला घेऊन ओटीवर गेल्या. ऊन मी म्हणत होतं, आप्पा झोपाळ्यावर होते, महिपत त्यांच्या हाताची पट्टी बदलायला आला होता, आणि दमयंती सोड्याच्या बाटल्यांचे रबर निवडत बसली होती.

"घे, कोकम पी. घामाघूम झाल्येस."

दमयंतीने पेला घेतला. राही मागून आली होती, दारात थांबली.

"वन्सं, ते पिऊ नका."

आता त्या घरात सुनेने सासूच्या हातचं सरबत नाकारायला सांगणं ही काही लहान गोष्ट नव्हती. आप्पांचा झोपाळा थांबला. दमयंतीने पेला नाकाजवळ नेला. आठ वर्षं रोज दोनदा घेतलेला वास माणूस विसरत नाही. आमसुलाच्या आंबट वासाखाली ते अत्तर होतं.

"आई," ती म्हणाली, आणि पेला नाकापासून दूर केला. तिचा आवाज फार लहान झाला होता.

"दीड महिना!" मथुराबाई कडाडल्या. "फक्त दीड महिना मागत्येय मी. हा महिपत सांगतो काय फरक पडत नाय म्हणून. मी काय तुझी वैरीण आहे?"

"मग तू पी."

दमयंतीने पेला आईपुढे धरला. तिला वाटलं होतं, आई रडेल, नाही तर पेला भिरकावेल. मथुराबाईंनी पेला घेतला, डोकं मागे टाकलं आणि घटाघटा सगळं सरबत पिऊन टाकलं. रिकामा पेला झोपाळ्यावर आपटला.

"झालं?"

"मथुरे!" आप्पा उठून उभे राहिले. तीस वर्षांत त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती. "डॉक्टर, काय होईल हिला?"

"काही होणार नाही. एका पेल्याने काही होत नाही."

"मग कितीने होतं?" दमयंतीने विचारलं.

महिपत पट्टी हातात धरून बसला होता.

"मामा, मी विचारत्येय. एका पेल्याने नाही. दीड महिन्याने नाही. आप्पांना तीस वर्षांनी झालं. मला आठ झाली. कितीने होतं?"

"ते... तसं सांगता येत नाही, दमू."

"म्हणजे कुठलाच पेला मोजला जात नाही, आणि सगळे मिळून बोट जातं."

"पोरगी वकील व्हायची होती," आप्पा पुटपुटले, पण कोणी हसलं नाही.

दमयंतीने उजवी मूठ उघडून मामापुढे केली. करंगळीखाली, तळहाताच्या कडेला, एक कणी होती. एकच. "ही कधीपासून आहे मला आठवत नाही. मुंबईहून आप्पा आल्यावर पहिल्यांदा नीट बघितली."

महिपतने ती बोटाने चाचपली. आप्पांनी चाचपली. मथुराबाई सगळ्यात शेवटी आल्या. त्यांनी बोट फिरवलं नाही, दोन्ही हातांत तो हात धरला आणि आता मात्र त्या रडल्या, इतक्या मोठ्याने की कारखान्यातला गडी बाहेर आला आणि त्याला वाटलं, म्हातारा गेला.

"मी आहे अजून," आप्पा त्याला म्हणाले. "नऊ बोटांनिशी. जा, बाटल्या विसळ."

*

महिपत त्या दिवशी दवाखान्यात गेला तो रोगी बघायला नाही. वडिलांच्या वेळचं जाड इंग्रजी पुस्तक काढून ते पुढचं पान वाचायला गेला.

पान नवीन नव्हतं. कॉलेजात त्याने ते वाचलं होतं, परीक्षेसाठी पाठही केलं होतं. तळहात-तळपायांवर कठीण दाणे; पुढे कित्येक वर्षांनी त्वचेचा कॅन्सर. छापलेलं होतं. मग दवाखाना सुरू झाला, वडिलांचे रोगी वडिलांचंच औषध मागत आले, त्यांना बरं वाटत गेलं, आणि पान मागे पडलं. तो काही वाईट डॉक्टर नव्हता. विंचू चावलेल्यांकडे पावसात चिखल तुडवत जायचा, गरिबांना फुकट तपासायचा. नेमकं त्यामुळेच त्याला आता बसवेना. वाईट डॉक्टर असता तर विसरला असता.

खवल्यांसाठी थेंब घेणारे कोण कोण? शाळामास्तरांची बायको. पेठेतला सोनार. दम्यासाठी घेणारे त्याहून जास्त. बंदराकडच्या मिरकरवाड्यात तर दोन घरं सोडून एक. प्रत्येकाच्या घरी कोनाड्यात ती बाटली, त्याच्या सहीची.

साखरपुड्यापर्यंत त्याने कोणालाही काही सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचा, आणि रोज संध्याकाळी उद्यावर टाकायचा.

*

अक्षय्य तृतीयेपर्यंत दमयंतीच्या दोन्ही कोपरांवर रुपयाएवढे चट्टे आले होते आणि कपाळाच्या कडेला पांढरी रेघ. मथुराबाईंनी सरबत पुन्हा केलं नाही. पण लांब बाह्यांचं पोलकं मात्र शिवून आणलं.

"उकाड्यात मरेन मी," दमयंती म्हणाली.

"साखरपुडा झाल्यावर मर."

जयगडची मंडळी दुपारी आली. विठ्ठल, त्याची आई, दोन काका. विठ्ठल उंच, शांत, नखांत इंजिनाचं काळं राहिलेलं. सोडा प्यायला दिला तर गोटी आत ढकलताना सगळा शर्टावर उडाला, आणि दमयंतीला तो एवढ्यासाठीच बरा वाटला.

साखरेची पुडी पुढे आली. तुळसाबाईंनी हळदकुंकू घेतलं, दमयंतीच्या कपाळाला बोट लावलं आणि बोट तिथेच थांबलं.

"हे काय गो?"

"कोंडा असेल," मथुराबाई चटकन म्हणाल्या.

"आणि ह्या बाह्या? वैशाखात?"

ओटीवर चुळबुळ झाली. आप्पांनी घसा खाकरला, पण त्यांच्याआधी दमयंतीनेच बाहीचं बटण काढलं आणि ती कोपरापर्यंत वर सारली.

"खवलं आहेत," ती म्हणाली. "आप्पांना आहेत, मला आहेत. औषध घेत होते म्हणून तुम्हाला दिसली नाहीत. आता घेत नाही. त्या औषधाने आप्पांना कॅन्सर झाला आणि करंगळी कापली."

एवढं सगळं एका दमात ऐकल्यावर कोणालाही पाणी लागेल. तुळसाबाईंनी पाणी मागितलं नाही. त्या एक पाऊल मागे सरल्या आणि ज्या बोटाने कुंकू लावलं होतं ते पदराला पुसलं.

ते पुसणं मथुराबाईंनी बघितलं.

"बोट कशास पुसता?" त्या म्हणाल्या.

"लागायचं नाही का? असली कातडी..."

"लागायचं?" मथुराबाईंनी पदर खोचला. हे स्थळ त्यांनीच जमवलं होतं, हे पोलकं त्यांनीच शिवलं होतं, सरबतही त्यांनीच केलं होतं. "तीस वर्षं मी ह्या माणसाच्या शेजारी झोपत्येय! त्याची खवलं माझ्या अंथरुणात, माझ्या भातात पडली असतील. हे बघा माझे हात. हे बघा. कुठे लागलंय दाखवा! चार पोरं झाली त्याच्यापासून, दोन जगली, ती कोणाच्या लागण्याने नाय मेली. माझ्या पोरीला बोट लावून पुसायचं नाय. लावायचं असेल तर नीट लावा, नाय तर लावू नका."

"हळू," आप्पा म्हणाले. "शेजारी झोपल्याचं जयगडपर्यंत गेलं."

काकांपैकी एकाला हसू आलं आणि त्याने ते सोड्यात बुडवलं. तुळसाबाई मात्र हसणाऱ्या नव्हत्या, आणि मूर्खही नव्हत्या. त्यांनी मथुराबाईंना ओलांडून थेट महिपतकडे बघितलं.

"तुम्ही डॉक्टर ना? लागतं का हे?"

"नाही. मुळीच नाही."

"आणि ते दुसरं? कॅन्सर? हिला होईल का?"

महिपतने खिशातला चष्मा काढला आणि नुसता पुसत राहिला. हो म्हटलं तर भाचीचं लग्न मोडणार, नाही म्हटलं तर खोटं. "तिने... आठ वर्षं माझं औषध घेतलंय. मी दिलेलं. होईलच असं नाही. होणार नाही असंही सांगता येत नाही. दरवर्षी बघत राहावं लागेल."

हे तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं, आणि मुंबईहून आल्यापासून पहिल्यांदाच त्याला टोमणा मारला नाही.

तुळसाबाई मुलाकडे वळल्या. "बघ बाबा. तू सांग."

विठ्ठलने दमयंतीकडे बघितलं, मग स्वतःच्या भिजलेल्या शर्टाकडे. "मला जरा वेळ द्या," तो म्हणाला.

मंडळी जेवून गेली. मथुराबाईंनी तेवढं केलंच. उपाशी कोणाला जाऊ दिलं असतं तर तो अपमान त्यांचा झाला असता. पुरणपोळ्या ढिगाने उरल्या. राहीने दमयंतीचं ताट वाढलं आणि शेजारीच बसली.

"वन्सं, तुम्ही गेला असतात तर मी सुटले असते."

"ठाऊक आहे मला. मीठ कमी आहे आमटीत."

"घ्या की मग वरनं," राही म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या, आणि मग दमयंती रडायला लागली, आणि राही पोळीवर तूप वाढत राहिली.

*

विठ्ठल पुढच्या आठवड्यात स्वतः आला. निरोप पाठवता आला असता, तो आला. ओटीवर बसून त्याने एक सोडा प्यायला, मग दुसरा, आणि मग नाही म्हणाला. आईला बरं वाटत नाही, ती रडते, मला आई एकच आहे. बोलता बोलता त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. दमयंतीने त्याला फडकं आणून दिलं.

"सांगायला आलात हे बरं केलंत," ती म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं. राग आला तो तो गेल्यावर, भांडी घासताना. पातेलं असं घासलं की कल्हई निघाली.

त्याच संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. महिपत रिकाम्या खुर्चीसमोर बसला होता.

"मामा, आणखी कोणाकोणाला देता?"

त्याने टेबलावरचं जाड पुस्तक मिटलं.

"तुम्ही ओटीवर सांगितलंत ना? जयगडच्या लोकांना सांगितलंत. मग रत्नागिरीच्या लोकांनी काय पाप केलंय?"

"माझ्यावर विश्वास राहील का कोणाचा?"

"नाही राहणार. आईचा राहील, तिने ते स्वतः पिऊन बघितलंय." ती उभीच होती. "उठा. मी येत्ये बरोबर. मला कोपरं दाखवता येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मिरकरवाड्याला गेले. तीन घरं झाली. पहिल्या घरात त्यांना चहा मिळाला, दुसऱ्यात शिव्या, तिसऱ्यात बाई म्हणाली, बाटली देते पण पैसे परत द्या. चौथं घर मुसा खलाशाचं. बंदराला लागून, दारात जाळी वाळत घातलेली. मुसाने उभा जन्म गलबतावर शिडाच्या दोऱ्या ओढण्यात घालवला होता, आणि आता दम्याने घरी बसला होता. सगळं ऐकून त्याने बाटली छातीशी धरली.

"डॉक्टर, हिच्यामुळं मी निजतंय. ही नेलीस तर मी बसून रात काढू काय?"

"दुसरं देतो. गोळ्या आहेत. इतका आराम नाही पडणार कदाचित. पण त्यात हे विष नाही."

"तुझ्या बापाने दिलेलं औषध हाय हे."

"हो," महिपत म्हणाला. "त्यांनीही दिलं. मीही दिलं. तेव्हा द्यायला नको होतं."

खोलीत मुसाच्या श्वासाची शिट्टी वाजत होती. मग त्याने बाटली डॉक्टरला न देता दमयंतीजवळ दिली.

"आणि मला ते होईल काय? कॅन्सर?"

"ठाऊक नाही, चाचा. हात दाखवा."

ती त्याला खिडकीपाशी उजेडात घेऊन आली. तो हात बघून तिचा जीव थोडा झाला. सगळा तळहात म्हणजे एकच घट्टा. दोरीने, मिठाने, पन्नास वर्षांच्या वाऱ्याने कमावलेला. इथे कणी कुठली आणि दोर कुठला?

मुसाला मौज वाटली. "अगे, काय शोधतेस? हा दोराचा. हा पण दोराचा. ह्यो वल्ह्याचा, पोरगा होतो तवाचा. ह्यो..."

दमयंतीचं बोट बोटांच्या मुळाशी, घट्ट्यांच्या आतल्या खोबणीत थांबलं, जिथे दोर पोचत नाही. मुसाने मान खाली घालून तिथे बघितलं. अंगठ्याने चोळून बघितलं. पुन्हा चोळलं.

"ह्यो दोराचा नाय," तो म्हणाला.

महिपत दारापाशी उभा होता, गोळ्यांची पुडी हातात घेऊन.

"मामा," दमयंती म्हणाली, आणि तिने तो हात सोडला नाही, "चष्मा लावा आणि इकडे या."